डावा हात खिशात

सोमवार, ४ तारीख

पोहोचले. दोन बॅगा, एक हत्यारांची पेटी आणि गाडीत चेंगरून चपटी झालेली उशी, एवढ्या लवाजम्यासह नव्या गावात माझं आगमन झालं. स्वागताला कुणी नव्हतं, पण ऊन छान पडलं होतं. तेव्हा उन्हानेच स्वागत केलं असं मानून घेतलं.

दुकान वाद्यांचं आहे. पुढे गिटारी टांगलेल्या, काचेच्या कपाटात बासऱ्या आणि माउथ ऑर्गन, मागे दुरुस्तीची खोली. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, बोलायला तुटक पण मनाने बऱ्या वाटल्या. महिनाभर काम बघतील, पसंत पडलं तर कायम ठेवतील. वरच्या मजल्यावरची एक खोली राहायला दिली आहे. खाट, टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्ची लागली तर सांग, म्हणाल्या. कुणासाठी लागणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दुरुस्तीच्या खोलीवर मात्र जीव जडला. लांबलचक लाकडी टेबल, पायाखाली जाड रबरी चटई, आणि भिंतीवर प्रत्येक पक्कडीच्या मागे तिच्या आकाराची पेन्सिलीची रेघ. पक्कड कुठे टांगायची ते भिंतच सांगते! माझ्या आधी इथे काम करणारे गृहस्थ भलतेच शिस्तीचे असणार. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. आता कुठे असतात विचारलं, तर 'ते आता नाहीत' एवढंच बोलून मालकीणबाई गल्ल्याकडे वळल्या.

दाराआड खुंटीवर मास्तरांचा निळा एप्रन होता. डाव्या बाजूला एकच खिसा, चांगला मनगटापर्यंत हात जाईल असा. मी तो लगेच चढवला. बायकांच्या कपड्यांना खिसे शिवायचे नाहीत असं ज्या शिंप्याने ठरवलं, त्याला एकदा विजेच्या चालू यंत्रासमोर उभं केलं पाहिजे. माझ्या एकाही ड्रेसला खिसा नाही, आणि बाबांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला खिशाशिवाय काम करता येत नाही.

बाबांचा नियम एकच. चालू यंत्रात उजवा हात घालायचा तर डावा हात खिशात. वीज सारखी जमिनीकडे जायची वाट शोधत असते. एका हाताने शिरून दुसऱ्या हाताने निघाली, तर वाटेत काळीज लागतं. डावा हात कशालाच लागला नाही तर वाट बंद. मी लहान असताना ते माझा डावा हात रुमालाने पाठीशी बांधायचे. रोज संध्याकाळी जेवताना विचारायचे, डावा हात कुठे होता? मी म्हणायची, खिशात. मग ते माझ्या ताटात अंड्याचा मोठा तुकडा सरकवायचे. ते गेल्यापासून हे विचारणारं कुणी उरलेलं नाही. दादाच्या घरी होते तेव्हा वहिनी विचारायची ते एवढंच, की तुझी खोली रिकामी कधी होणार.

झाली एकदाची रिकामी. आजचा दिवस चांगला गेला.

मंगळवार, ५ तारीख

सकाळी तीन किरकोळ कामं हातावेगळी केली. एका की-बोर्डच्या पट्ट्यांखालून बिस्किटाचा चुरा निघाला.

एक गोष्ट लक्षात आली. मालकीणबाई या खोलीत पाऊल टाकत नाहीत. चहा आणतात, उंबऱ्याबाहेर स्टुलावर ठेवतात आणि लांबूनच सांगतात. आत या म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणाल्या. पायरी चढायला नको, खोली सपाट आहे. पण एकेकाची खोड असते.

दुपारी एक लांब केसांचा गिटारवाला आला. आत डोकावून त्याने कोपऱ्यातल्या झाकलेल्या खोक्याकडे बोट केलं. त्याचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, गिटारीचा आवाज वाढवणारा. मास्तरांकडे दुरुस्तीला दिलेला, तो तसाच पडून. रविवारी त्याचा कार्यक्रम आहे आणि या अ‍ॅम्पशिवाय त्याचं पान हलत नाही. मालकीणबाईंचा चेहरा जरा उतरला. मग मला म्हणाल्या, हा जमला तर महिनाभर थांबायची गरज नाही, नोकरी पक्की समज.

म्हणजे रविवारपर्यंत हा सुधारायचा आणि इथलं व्हायचं. नाहीतर बॅगा उचलायच्या, आणि त्या उचलून कुठे जायचं हा प्रश्न मी सध्या स्वतःला विचारत नाहीये.

अ‍ॅम्प देखणा आहे. मागची फळी काढली की काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हांची रांग दिसते. चालू केला की एकेक नारिंगी पेटत जातो. आजार असा, की गिटार न जोडताही घरघर येते. मोठी, ओली, छातीतून आल्यासारखी. आतल्या सांगाड्याच्या पत्र्यावर हात ठेवला की थांबते. हात उचलला की पुन्हा सुरू. मी चार-पाच वेळा करून पाहिलं आणि मला हसू आलं. याला नुसता कुणाचा तरी हात हवाय. बाबा रे, तुझं आणि माझं एकच दुखणं, असं मी त्याला मोठ्याने म्हणाले. खोलीत कुणी नाही हे एका अर्थी बरंच आहे.

बुधवार, ६ तारीख

दिवसभर अ‍ॅम्प. व्हॉल्व्ह एकेक काढून बदलून पाहिले. लाकडी पेन्सिलीने हलकेच टकटक केलं. एक व्हॉल्व्ह टिचकी मारली की घंटीसारखा वाजत होता, तो बाद केला. दोन सांधे सैल होते, ते पुन्हा सोल्डर केले. वीज साठवणारे मोठे कंडेन्सर फुगलेले होते, तेही नवे घातले. हे कंडेन्सर लबाड. प्लग काढला तरी पोटात वीज धरून बसतात, माणूस मारण्याइतकी. आधी ती नीट उतरवून घ्यावी लागते.

घरघर जशीच्या तशी.

मग पत्र्याला साधा टेस्टर लावला. घरोघरी असतो तोच, मुठीत धरायचा दिव्याचा स्क्रूड्रायव्हर. मी रबरी चटईवर, पायात रबरी चपला, म्हणजे माझ्यातून जमिनीला वाट नाही. दिवा मिणमिणला. बरोबर, पत्र्यात थोडी वीज झिरपते आहे. सवयीने डावा हात खिशात घातला. दिवा भक्कन पेटला. हात काढला, मिणमिणला. घातला, पेटला.

हे व्हायला नको. हात खिशात घातला की माझी जमिनीला वाट तयार होते, असा याचा अर्थ. मी खिसा उलटा करून पाहिला. सुताचा गोळा, पेपरमिंटचा चुरगळलेला कागद, बाकी काही नाही. कापड ओलं असेल म्हणून एप्रन उन्हात टाकला. उन्हातून आणला तेव्हा तो सगळा तापलेला होता, आणि खिसा आतून गार.

गुरुवार, ७ तारीख

हे कसं लिहावं कळत नाही, पण बाबांनी जे घडलं ते लिही असंच सांगितलं होतं.

दुपारी उजव्या हाताने वायरी तपासत होते. डावा खिशात. मन कामात होतं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की माझा डावा हात कुणीतरी धरला आहे.

ओढलं नाही, दाबलं नाही. आपण रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात धरतो तसा नुसता धरला होता. मोठा हात. बोटांच्या टोकांना सोल्डरने भाजून झालेले घट्टे. माझ्याही बोटांना आहेत, त्यामुळे ओळखू आले. थंड होता, पण माझ्या हाताने हळूहळू कोमट होत होता.

मी ओरडायला हवं होतं. झटकन हात काढून बाहेर पळायला हवं होतं. मी तशीच उभी राहिले. खरं सांगायचं तर मला रडू आलं. बाबा गेल्यापासून माझा हात कुणी धरलेला नाही. सुटे पैसे देताना दुकानदाराची बोटं लागतात, तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श. किती दिवस झाले हे मोजायलाही मला नको वाटतं.

थोड्या वेळाने हात काढून घेतला. सहज निघाला. खिशात काही नव्हतं.

संध्याकाळी एप्रन वर खोलीवर आणला. धुवायला, असं मालकीणबाईंना सांगितलं. धुतला नाही.

शुक्रवार, ८ तारीख

काल रात्री एप्रन घालूनच जेवले. पाव, सूप, आणि डावा हात खिशात. एका हाताने पाव मोडताना माझी तारांबळ उडाली, तर त्या हाताने माझा हात थोडा हलवला, हसल्यासारखा. मी दिवसभराचं सगळं सांगितलं. दादाचं सांगितलं, वहिनीचं सांगितलं. दुसरी खुर्ची मागून घ्यावी असं मनात आलं.

आज मालकीणबाईंनी चहा ठेवला आणि त्या नेहमीसारख्या वळल्या नाहीत. माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. विचारलं, हाताला काय झालं? मी पाहिलं तर बोटं पांढरीफटक, नखं निळसर. अवघडलाय, म्हटलं आणि तो पुन्हा खिशात घातला. मग त्या स्टुलावर बसल्या आणि आपणहून सांगू लागल्या. आयुष्यभर मास्तरांनीही डावा हात खिशात ठेवून काम केलं. त्या दिवशी याच अ‍ॅम्पमध्ये त्यांचा उजवा हात होता. बाई आत आल्या, कप पुढे केला आणि म्हणाल्या, 'अहो, घ्या ना गरम आहे तोवर.' शब्द मोडवेना म्हणून मास्तरांनी डावा हात खिशातून काढला. कप घेताना कोपर पत्र्याला टेकलं. तेवढंच. कप फुटलासुद्धा नाही.

मी चहा दिला, मी चहा दिला, असं त्या दोनदा म्हणाल्या. माणूस एकटा होता, जेवायला एकटा, झोपायला एकटा, म्हणून मी मुद्दाम कप हातात द्यायची, म्हणाल्या. मागच्या टेकडीवर त्यांना पुरलं. मी त्यांचा हात धरायला हवा होता. माझा डावा खिशात होता आणि उजव्यात पक्कड.

त्या गेल्यावर मी हात बाहेर काढला. या वेळी तो सहज निघाला नाही.

म्हणजे मास्तर. त्यांचा तो डावा हात, जो खिशात असायला हवा होता, तो आता खिशात येऊन थांबला आहे. फार उशिरा, पण थांबला आहे.

आणि टेस्टरचा दिवा. आता कळलं तो का पेटतो. मास्तर जमिनीखाली आहेत. त्यांनी माझा हात धरला की मी जमिनीला जोडली जाते. बाबांच्या नियमाला एक गोष्ट ठाऊकच नव्हती. खिशातल्या हाताला कुणी धरलेलं नसेल, तरच वाट बंद राहते.

शनिवार, ९ तारीख

एप्रन घडी करून पुढच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. बाबांच्या रुमालाने डावा हात पाठीशी बांधला. उजव्या हाताने कशीबशी गाठ मारली. लहानपणी त्याची केवढी लाज वाटायची, आज धीर आला.

दोष सापडला. आत जमिनीला जोडणारी तार तुटून लोंबत होती, आणि बदलायचा राहिलेला एक लहान जुना कंडेन्सर पत्र्यात वीज सोडत होता. तार जोडली. कंडेन्सर बदलला. सगळी मापं घेतली. सगळी बरोबर. टेस्टर पत्र्याला लावला, दिवा मेलेला.

अ‍ॅम्प दुरुस्त आहे. नोकरी पक्की. रुमाल सोडला, मालकीणबाईंना हाक मारून सांगितलं, त्यांनी देवाचे आभार मानले. उद्या दुकान बंद असतं, गिटारवाला चार वाजता येऊन घेऊन जाईल, तू फक्त शटर उघड, म्हणाल्या. त्या बहिणीकडे गेल्या.

संध्याकाळी पुन्हा एकदा चालू करून पाहिला.

घरघर आहे.

तार जोडलेली आहे. कंडेन्सर नवा आहे. घरघर येण्याचं काही कारण उरलेलं नाही — आणि ती आहे. पत्र्यावर हात ठेवला. थांबली. उचलला. सुरू झाली, आधीपेक्षा मोठी.

जेवण गेलं नाही. खोली फार शांत वाटते. डावा हात उशीवर ठेवला, पांघरुणात घातला, गार तो गारच. किती मूर्ख आहे मी. सुटले म्हणून आनंद व्हायला हवा, आणि मी उशीवरच्या हाताकडे बघून म्हणाले — मोठ्याने म्हणाले — मास्तर, मला सोडून जाऊ नका.

म्हणायला नको होतं.

रविवार, १० तारीख

सकाळ. हात बरा आहे. बोटांवर रंग आला आहे. काल जे म्हणाले ते थकव्याने. खाली जाऊन फळी बसवायची, चार स्क्रू, झालं. अंगात माझा पिवळा ड्रेस, त्याला खिसा नाही. एप्रन कुलपात. प्लग काढलेला.

नंतर

खाली आहे. टेबलाशी. ही वही बरोबर आणली म्हणून बरं.

दोन स्क्रू बसवले. तिसरा खाली पडला. उचलायला वाकले आणि उठले तेव्हा डावा हात खिशात होता.

या ड्रेसला खिसा नाही. कधीच नव्हता. शिवण सरळ आहे, मी उजव्या हाताने चाचपून पाहिलं. हात मनगटापर्यंत आत आहे. मनगटापुढे दिसत नाही.

त्यांनी धरलाय.

नंतर

ओढून पाहिलं. टेबलाला पाय लावून ओढलं. निघत नाही. दुखत नाही, तेही लिहून ठेवते. दार चार पावलांवर. निघाले तर त्या हाताने मला परत आणलं, हळूच, घरच्या माणसाला आणावं तसं.

फोन पुढे काउंटरवर आहे.

नंतर

व्हॉल्व्ह पेटले.

प्लग माझ्या समोर जमिनीवर पडला आहे. भिंतीपासून लांब. व्हॉल्व्ह एकेक नारिंगी — घरघर सुरू. कंडेन्सर भरलेले असणार. मागची फळी मी अर्धीच — आतलं सगळं उघडं.

मास्तर, मला हे नको, असं सांगितलं. त्यांनी अंगठ्याने माझा हात कुरवाळला. त्यांना वाईट करायचं नाहीये. त्यांना सोबत हवी आहे. मलाही तीच हवी होती. हेच सगळ्यात —

नंतर

उजवा हात जातोय.

आपला आपणच जातोय. घरघर वाढली की हात आपोआप पुढे, ती थांबवायला. सवय लागली आहे. काल कितीदा ठेवला, परवा कितीदा. फक्त एकदा ठेवला की शांत होईल. पण आता मी जमिनीला जोडलेली आहे. एकदाच पुरेल.

पेन धरलं की जात नाही. लिहीत असले की जात नाही. म्हणून लिहिते आहे. वही घसरते, धरायला दुसरा हात नाही, ओळी तिरक्या जातात. जाऊ देत.

चार वाजेपर्यंत लिहायचं. गिटारवाला येईल. शटर आतून लावलेलं आहे. शटर आतून — मी कशाला लावलं.

काय लिहू. टेबल. पक्कड तिच्या रेघेवर. खिडकीत ऊन. माउथ ऑर्गन काचेमागे. बाबांच्या चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला असायचा. अंड्याचा मोठा तुकडा. दादा. दादाला कळायला किती दिवस लागतील — नको, ते नको.

टेबल. पक्कड. खिडकी.

शटर वाजतंय. आला. मॅडम, मॅडम म्हणून हाका. मी ओरडले. घरघर इतकी मोठी की माझं मला ऐकू — तो थांबला. पुन्हा वाजवतोय.

वाजवणं थांबलं.

गेला.

शाई फिकी उमटतेय. गिरवून गिरवून लिहिते. दुसरं पेन काउंटरवर.

हात गरम झालाय त्यांचा. आता पूर्ण गरम. माझा नाही.

गिरवते. लिहीत राहायचं. पेन आहे तोवर उजवा हात माझा —

बाबा, डावा हात खिशातच आहे. बाहेर काढलेला नाही. मी नियम मोड